जवळच्या बाजाराचें खरबूज

फाल्गुन सरून ऊन तापूं लागलें, म्हणजे आमच्या कासारसाईहून हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला खरबुजांचे ढीग दिसूं लागतात. जाळीदार सालीचीं, एकसारख्या घाटाचीं तीं फळें दिसण्यांत मोठीं देखणीं असतात. गिऱ्हाईक मोटार थांबवितें, चार फळें घेतें आणि समाधानानें निघून जातें. परंतु पुढच्या आठवड्यांत तेंच गिऱ्हाईक त्याच ढिगाजवळून न थांबतां पुढें गेलेलें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. फळ फिकें निघालें, एवढेंच त्याचें कारण. या निघून गेलेल्या गिऱ्हाइकाचा विचार आपल्या कृषिबंधूंनीं करावा, एवढ्याचसाठीं आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. पिकांचे गोषवारे वर्षानुवर्षें आमच्या हातांखालून गेले. त्यांत ‘खरबूज’ एवढा शब्द आणि त्यापुढें क्षेत्राचा आंकडा लिहिला, कीं आमचें काम संपत असे. जात कोणती, हा प्रश्न तेव्हां मनाला कधीं शिवला नाहीं. निवृत्तीनंतर स्वतःच्या १० गुंठ्यांत वेल लावले, तेव्हां कळून आलें कीं, कागदावर शब्द एक असला तरी शेतांत तीं दहा निरनिराळीं पिकें आहेत, आणि नफा-नुकसान बहुतांशीं त्या निवडींतच ठरून जातें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. ज्याचा बाजार जवळ आहे, त्यानें सर्वच रानांत दूरच्या बाजाराची जात लावूं नये. आणि कोणतीही जात लावली, तरी दूरच्या बाजाराच्या घाईनें फळ तोडूं नये.

सोलापुराकडच्या शेतकऱ्याचा विचार करा. त्याचें फळ मालमोटारींतून अडीचशें किलोमीटर चालून पुण्याच्या गुलटेकडी बाजारांत येतें, तेथून किरकोळ दुकानदाराकडे जातें, आणि तोडल्यापासून कित्येक दिवसांनीं कोणाच्या तरी ताटांत पडतें. त्याला जाड सालीची, घट्ट गराची, धक्के सोसणारी जातच लावली पाहिजे, आणि फळही थोडें आधीं तोडलें पाहिजे. त्यांत त्याचा कांहीं दोष नाहीं. आमच्या गांवाची गोष्ट मात्र निराळी आहे. एका बाजूस हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी आणि दुसऱ्या बाजूस पिंपरी-चिंचवड शहर. सूर्योदयाला तोडलेलें फळ ऊन चढण्याच्या आंत गिऱ्हाइकाच्या हातांत देतां येईल, एवढेंच अंतर. या अंतराचें मोल आम्हांला जमिनीच्या भावांत चांगलें समजतें, पिकाच्या निवडींत मात्र समजत नाहीं. कोरडी हवा, भरपूर ऊन आणि मोठें क्षेत्र या तिन्हींत सोलापूरकर आमच्याहून सरस आहे. आमच्यापाशीं एकच गोष्ट अधिक आहे, ती म्हणजे जवळीक. त्यानें लावलें तेंच आम्हीं लावलें आणि त्यानें तोडलें तसेंच आम्हीं तोडलें, तर ती जवळीक आम्हीं आपण होऊन फेंकून दिली असें होतें.

जातींचा विचार करण्यापूर्वीं या कुळाची थोडी ओळख करून घेणें बरें. खरबूज, कोंकणांतील पावसाळी चिबूड, देशावरचें वाळूक आणि बांधावर आपोआप उगवणारें शेंदाड हीं वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें एकाच घरचीं भावंडें होत. काकडी ही या घरची दूरची नातलग; कलिंगड तर त्याहूनही दूरचें. या भावंडांपैकीं खरबुजालाच राजदरबारचा मान मिळाला. मोगल बादशहा बाबर यानें हिंदुस्थानांत चांगलें खरबूज मिळत नाहीं, अशी तक्रार आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. १५२९ सालीं लिहिलेल्या एका पत्रांत, खरबूज कापून खातांना आपल्याला रडूं आवरलें नाहीं, असेंही तो लिहितो. पुढें त्यानें आग्ऱ्याच्या आपल्या बागेंत खरबुजें लावविलीं व तीं चांगलीं आलेलीं पाहून त्याला समाधान वाटलें. राज्य मिळालें तरी फळाची चव विसरवत नाहीं. मग मोटारींतून उतरून पैसे मोजणारें गिऱ्हाईक ती कशी विसरेल?

आतां जाती पाहूं. घरच्या परसासाठीं आणि दाराशीं आलेल्या गिऱ्हाइकासाठीं पहिला विचार गोडीचा व सुवासाचा करावा. बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेनें काढलेली ‘अर्का जीत’ ही लखनौकडच्या मूळ वाणांतून निवडलेली जात आहे. फळ लहान, सुमारें अर्ध्या किलोचें, साल पिवळी-नारिंगी व गर पांढरा. गोडी मात्र उत्कृष्ट. विद्राव्य घन पदार्थांचें प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत आणि त्याच्याही वर जातें. लुधियान्याच्या पंजाब कृषि विद्यापीठाचें ‘हरा मधु’ हें पांढरट-पिवळ्या सालीवर हिरव्या धारा असलेलें, हिरव्या गराचें, अत्यंत रसाळ फळ. तें उशिरां तयार होतें आणि भुरी रोगाला लवकर बळी पडतें. राजस्थानांतील ‘दुर्गापुरा मधु’ ही लांबट फळाची, फार लवकर येणारी, फिकट हिरव्या गराची गोड जात. या तिन्ही जातींचें बीं सरळ वाणाचें असल्यामुळें, काळजी घेतल्यास तें घरीं धरतां येतें.

बाजार थोडा लांब असेल तर दुसरा वर्ग पाहावा. बंगळूरचीच ‘अर्का राजहंस’ सव्वा ते दोन किलोचें फळ देते. गर पांढरा व घट्ट, आणि टिकाऊपणा चांगला. ‘पंजाब सुनहरी’ ही हरा मधु आणि एक अमेरिकन जात यांच्या संकरांतून निघाली. तिची साल जाड, गर केशरी, आणि ती हरा मधुपेक्षां सुमारें १२ दिवस आधीं तयार होते. दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा शरबती’ जाळीदार सालीची व केशरी गराची आहे. यांखेरीज ‘कुंदन’, ‘बॉबी’ अशा नांवांचे खासगी संकरित वाण हल्लीं आपल्याकडे सर्वत्र दिसतात. एकसारखें फळ, जोमदार वेल आणि वाहतुकींतील टिकाऊपणा हे त्यांचे गुण खरे आहेत, व ते आम्ही नाकारीत नाहीं. आमची तक्रार वाणाविषयीं नसून, गांवच्या गांवानें डोळे मिटून तो एकच वाण लावण्याविषयीं आहे.

जात कितीही चांगली असली, तरी गोडी कोठून येते हें समजल्यावांचून तिचा उपयोग नाहीं. या बाबतींत आमची झालेली फजिती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पहिल्याच वर्षीं फळें भरूं लागलीं असतां एक व्यापारी बांधावर आला. “अण्णा, आठ दिवसांनीं भाव पडणार, आज तोडाल तर रोख मोजतों,” असें तो म्हणाला. फळांना जाळी आलेली होती, वजन भरलेलें होतें. आम्हीं तोडूं दिलीं. उरलेलीं कांहीं फळें आम्हीं गवतांत झांकून पिकत ठेवलीं. चार दिवसांनीं वास सुटला, फळ मऊही झालें. पण कापून खाल्लें तों चव पाण्यासारखी! तींच फळें आम्हीं रस्त्यावर विकलीं, ही आमची दुसरी चूक. पुढच्या उन्हाळ्यांत एका बाईनीं मोटारीची कांच खालीं करून विचारलें, “काका, मागच्या वर्षीचींच का हीं?” आणि उत्तराची वाट न पाहतां त्या निघून गेल्या. व्यापाऱ्यानें रोख दिले, हें खरें; पण गिऱ्हाईक आम्हीं उधारींत गमावलें.

याचें कारण पुढें समजलें. आंबा व केळें यांच्यांत फळ तोडतेवेळीं पिठूळ सत्त्व सांठलेलें असतें. पिकतांना त्याची साखर होते, म्हणून तीं अढींत गोड होतात. खरबुजांत असें सत्त्व सांठलेलें नसतें. त्याची साखर पानांत तयार होऊन देठावाटे फळांत येते, आणि ती मुख्यत्वें शेवटच्या आठ-दहा दिवसांत येते. देठ तुटला कीं ती वाट बंद झाली. पुढें फळ मऊ होईल, वास सुटेल, रंग पालटेल. पण गोडी काडीइतकीही वाढणार नाहीं. ‘पी हळद नि हो गोरी’ हा न्याय येथें चालत नाहीं. म्हणूनच पानें निरोगी राखणें हें अर्धें काम होय. भुरीनें किंवा केवड्यानें वेल जळाला, तर फळ आकारानें भरलेलें दिसेल, पण आंत रितेंच राहील.

पक्वतेची खूण सोपी आहे. जाळीदार जातींत फळ तयार झालें म्हणजे देठाच्या बुडाशीं सभोंवार बारीक चीर पडते. अंगठ्यानें हलकेंच दाबतांच फळ देठापासून निखळतें व तेथें स्वच्छ गोल वण राहतो. दूर पाठवावयाचें फळ ही चीर अर्धी पडतांच तोडतात. जवळच्या बाजारासाठीं ती पुरी पडेपर्यंत थांबावें. जाळीच्या खालचा हिरवा रंग पिवळट होतो, आणि देठाच्या विरुद्ध टोंकाला सुवास येतो. गुळगुळीत सालीच्या कांहीं जाती मात्र पिकल्या तरी देठ सोडीत नाहींत; तेथें रंग व वास यांवरच भिस्त ठेवावी. द्राक्षबागाइतदार गोडी मोजण्यासाठीं जो रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, तो चार शेतकऱ्यांनीं मिळून घेतला तर उत्तम. त्यांत १० च्या खालीं आंकडा आला तर फळ विकूं नये, आणि १२ च्या वर आला तर भाव मागतांना लाजूं नये, असा आमचा नियम आहे.

आमची दुसरी फजिती बियाण्याची. एका वर्षीं उत्तम फळ मिळालें, त्याचें बीं आम्हीं राखेंत वाळवून ठेवलें. शेजारच्या बांधावर वाळकाचे वेल होते, तिकडे लक्ष दिलें नाहीं. पुढच्या वर्षीं निम्म्या वेलांना जीं फळें आलीं, तीं पिकतांच तडकून फुटूं लागलीं. चवीला ना धड खरबूज, ना धड वाळूक. पुष्कळ शेतकरी म्हणतात कीं, जवळ काकडी लावली तर खरबूज फिकें होतें. हा समज खोटा आहे; काकडी आणि खरबूज यांचा संकर होत नाहीं. वाळूक, चिबूड व शेंदाड यांचा मात्र खरबुजाशीं सहज संकर होतो, कारण मधमाशी घर पाहत नाहीं, फूल पाहते. तरीसुद्धां त्या वर्षीच्या फळाच्या गरावर त्याचा परिणाम होत नाहीं. परिणाम बियांत दडून बसतो व पुढच्या वर्षीं उघडा पडतो. म्हणून ज्याला बीं धरावयाचें आहे, त्यानें सुमारें एक किलोमीटरच्या आंत यांपैकीं कांहीं नाहीं याची खात्री करावी. तें शक्य नसल्यास दुसऱ्या दिवशीं उमलणाऱ्या दोन-चार फुलांना, आणि त्याच वेलावरच्या एका नरफुलालाही, संध्याकाळीं कागदी पिशवी बांधावी; सकाळीं त्या झांकलेल्या नरफुलाचा पराग त्यांना लावून पुन्हा झांकावें, आणि त्या फळांना दोरा बांधून ठेवावा. संकरित वाणाचें बीं मात्र धरूंच नये. त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाहीं.

यावरून वाळूक व शेंदाड यांना कोणी वैरी समजूं नये. १९२५ च्या सुमारास अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांताच्या इंपीरियल खोऱ्यांत भुरीनें खरबुजाचीं शेतें उध्वस्त केलीं. तेव्हां तेथील शास्त्रज्ञांना रोगाशीं टक्कर देणारा गुण हिंदुस्थानांतून नेलेल्या एका खरबूजवर्गीय वाणांत सांपडला, आणि त्या संकरांतून १९३६ सालीं ‘पी. एम. आर. ४५’ ही प्रसिद्ध जात निघाली. दोन-तीन वर्षांतच भुरीचा नवा प्रकार उपजला व पुन्हा नवें बळ शोधावें लागलें. तेंही पुष्कळ अंशीं आपल्याच देशांतील वाणांनीं पुरविलें. माव्याला व विषाणूला दाद न देणारा गुणही पुढें भारतांतील वाळूकवर्गीय वाणांतच हातीं लागला. भित्र्या माणसाला आपण शेंदाडशिपाई म्हणतों खरे. पण रोगाच्या लढाईंत या गरीब भावंडांनींच जगभरच्या खरबुजाची लाज राखली आहे. तेव्हां परसांत चिबुडाचा एक वेल पावसाळ्यांत असूं द्यावा. बियाण्याच्या खरबुजाजवळ मात्र उन्हाळ्यांत नसावा.

हंगामाविषयीं थोडें सांगतों. आमच्या मुळशी तालुक्यांत भात निघाल्यावर खाचरांत ओल फार दिवस टिकते. खरबुजाच्या मुळांना साचलेलें पाणी सोसत नाहीं. म्हणून उंच गादीवाफे करून, ठिबकानें पाणी देऊन, जानेवारीच्या उत्तरार्धांत थंडी ओसरूं लागतांच लागण करावी. अडीच-तीन महिन्यांत फळ हातीं येतें. वेलावर दोन-तीनच फळें ठेवावीं, व फळ पिकूं लागतांच पाणी कमी करावें. मे महिन्याच्या वळिवाच्या आधीं तोडणी आटोपली पाहिजे. ऐन पिकतांना पाऊस पडला तर फळ तडकतें आणि गोडी उतरते.

रमजान महिन्यांत खरबुजाला मोठी मागणी असते, म्हणून पुष्कळजण त्या हिशेबानें लागण करतात. परंतु चांद्रमानामुळें तो महिना दरवर्षीं १० ते ११ दिवस अलीकडे येतो. २०२० सालीं तो एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला. २०२५ सालीं मार्चच्या आरंभींच आला. आणि २०३० च्या सुमारास तो ऐन थंडींत येईल. त्या भावाच्या मागें लागून कडाक्याच्या थंडींत वेल वाढवावयाचा म्हणजे उगवण कमी, मधमाशा कमी आणि गोडीही कमी. उष्ण प्रदेशांतल्या शेतकऱ्यानें तो खेळ खेळावा. आमच्या डोंगराकडेच्या गांवांनीं चैत्र-वैशाखाचें, खऱ्या उन्हाचें फळ पिकवावें हें बरें.

मधमाशीवांचून फळ नीट भरत नाहीं, म्हणून फुलोऱ्यांत सकाळच्या वेळीं फवारणी करूं नये. फळमाशीसाठीं सांपळे लावतांना एक चूक नेहमी होते. आंब्याच्या माशीसाठीं मिथिल युजेनॉलचें आमिष चालतें. वेलवर्गीय फळांची माशी त्याकडे फिरकत नाहीं, तिला क्यूल्युअर हेंच आमिष लागतें. आंब्याचा सांपळा खरबुजांत टांगून निश्चिंत राहिलेला शेतकरी आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिला आहे.

आतां आमच्या म्हणण्यावर येणाऱ्या आक्षेपांचा विचार करूं. कोणी म्हणेल, नाजूक फळ त्या दिवशीं विकलें गेलें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं टाकून द्यावें लागेल. त्याची भरपाई कोणी करावी? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सगळें रान नाजूक जातीखालीं घाला, असें आमचें म्हणणें नाहीं. १० गुंठे असतील तर ७ गुंठ्यांत खात्रीचा टिकाऊ वाण लावावा व तो देठ सुटेपर्यंत वेलावर ठेवून तोडावा. ३ गुंठ्यांत अतिगोड, नाजूक जात लावावी आणि दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानें दोन टप्प्यांत लागण करावी, म्हणजे रोज विकेल एवढेंच फळ तयार होईल. गेलीं दोन वर्षें आम्ही याप्रमाणें वागत आहों. आमच्या वहींत दोन्हींचा जमाखर्च वेगवेगळा लिहिलेला आहे. नाजूक फळांपैकीं कांहीं दरवर्षीं गुरांपुढें गेलीं, तरीही गुंठ्यामागें शिल्लक त्याच ३ गुंठ्यांत अधिक पडली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्या फळासाठीं आलेलें गिऱ्हाईक परत येऊं लागलें, आणि जातां जातां दुसरेंही फळ घेऊं लागलें.

दुसरा आक्षेप असा कीं, शेतकऱ्यानें शेत पाहावें कीं दुकान? पण २०१६ सालीं महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मोकळा झाला. आपला माल आपण हव्या त्या गिऱ्हाइकाला विकण्याची मोकळीक मिळाली. ती मोकळीक वापरावयाची नाहीं आणि आडत्याच्या नांवानें बोटें मोडावयाचीं, हें शहाणपणाचें नव्हे. ढिगाजवळ एक पाटी लावावी. तिच्यावर जातीचें नांव व तोडणीचा वार लिहावा. ज्याला वार खरा लिहावयाचा आहे, त्याला कच्चें फळ तोडतां येत नाहीं. पाटी गिऱ्हाइकाला माहिती देते, त्याहून अधिक ती शेतकऱ्याला धाकांत ठेवते.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. या सरळ वाणांचें बीं गांवच्या दुकानांत मिळत नाहीं. मिळालें तरी पुडीवरचें नांव आणि आंतलें बीं यांचा मेळ असेलच असें नाहीं. एकेकट्या शेतकऱ्यानें दिल्ली, लुधियाना किंवा बंगळूर येथें पत्रव्यवहार करावा, हें होणें नाहीं. हें काम आपल्या संघाचें आहे. संघानें चार-पांच जातींचें बीं मूळ संस्थांकडूनच एकत्र मागवावें, एका सभासदाच्या रानांत त्या जाती शेजारीं शेजारीं लावाव्या, आणि एप्रिलांत एके दिवशीं सर्वांना बोलावून फळें कापून खाऊं घालावीं. कोणती जात आमच्या मातींत कशी येते, भुरी कोणीला आधीं लागते, हें त्या दिवशीं सर्वांच्या जिभेला व डोळ्यांना कळेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्या प्रयोगासाठीं आमच्या रानांतील २ गुंठे जागा व पाणी आम्ही देऊं, हें येथें लिहून ठेवतों.

आमच्या पंचक्रोशींत ऊस आहे, भात आहे, साखर कारखाना जवळ आहे. खरबूज हें कांहीं येथलें मुख्य पीक नव्हे. परंतु रानें दर वर्षीं तुकड्यांनीं कमी होत चाललीं आहेत, आणि उरलेल्या १०-२० गुंठ्यांत घर चालवावयाचें तर वजनावर नव्हे, गुणावर पैसा मिळविला पाहिजे. शहर आमच्या बांधाला येऊन टेकलें आहे. तें आमची जमीन मागतें, हें आपण रोज पाहतों. तें चांगलें फळही मागतें, हें आपल्या ध्यानांत यावें. त्या एका बाईंची मोटार आमच्या ढिगाजवळ पुन्हा थांबली नाहीं, हें शल्य आम्हांस आहे. दुसऱ्या कोणाची मोटार तशी निघून जाऊं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.